पांढरीच्या पोटातली पणती

दिवाळी तोंडावर आली की संग्रामपूर-नांदुऱ्याच्या बाजारात पणत्यांचे ढीग लागतात. त्याच बाजारात जिगाव धरणाच्या बुडिताची चर्चाही चाललेली असते. धरण, पुनर्वसन, मोबदला हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्या बुडितात येणाऱ्या भोनच्या प्राचीन स्तूपाचं पुढे काय, हेही अधूनमधून छापून येतं. मला मात्र स्तूपाहून फार लहान वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती म्हणजे मातीचा दिवा.

बुलडाणा जिल्ह्यातल्या पूर्णेकाठच्या भोनला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केलं. विटांचा स्तूप, कालवा आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी तिथे उजेडात आल्या. खारपाणपट्ट्यातली ही वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी. जिथे विहिरीचं कडंसुद्धा भाजलेल्या मातीचं, तिथे कुंभाराचा आवा गावाइतकाच जुना असणार.

अशा पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, दिवा ओळखायचा कसा? लहान वाटी, झाकणी आणि पणती यांची खापरं एकसारखीच दिसतात. उलगडा होतो तो काठाशी. चाकावरून उतरवलेल्या ओल्या वाटीचा काठ एका जागी चिमटीत दाबला की वातीसाठी चोच तयार होते. तिथेच काजळी बसते आणि भाजलेल्या मातीत मुरते. तेलाचाही अंश खापराच्या छिद्रांत उरू शकतो. प्रयोगशाळेत तो तपासता येतो. म्हणून जाणकार उत्खननकार असं खापर धुवायची घाई करत नाही.

पणतीवरच्या नक्षीचा विषयही मला या काठाशीच सुरू झालेला दिसतो. त्याच काळातला रोमन दिवा बहुधा दोन साच्यांत घडवून जोडलेला असे. तेल आत, वर मातीचं झाकण, त्यात तेल ओतायला भोक. त्या झाकणावर चित्राला ऐसपैस जागा मिळे. देव, प्राणी, झुंजणारे योद्धे तिथे उठवलेले दिसतात. आपली रोजची पणती उघडी. झाकणच नाही, तर चित्र काढणार कुठे? मग नक्षी गेली काठावर, चोचीवर, बुडाच्या बैठकीवर. बोटांनी दाबलेल्या खळ्या, काडीने ओढलेल्या रेघा, ठशाने उमटवलेलं फूल.

आपल्या कारागिरांना साचा ठाऊक नव्हता म्हणून पणती साधी राहिली, असं कुणी म्हणेल. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरने त्याचं उत्तर दिलेलं आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मृण्मूर्ती बघाव्यात. पांढऱ्या केओलिन मातीच्या, जोडसाच्यातून काढलेल्या, आतून पोकळ. केसांची वळणं आणि दागिन्यांचे मणीही स्पष्ट दिसतात. इतकी सफाई हाताशी असताना घरातली पणती चाकावरच राहिली, याचं कारण तिच्या वापरात आहे, असं मला ठामपणे वाटतं. उघड्या पणतीत घट्ट तूप चालतं, जाड वात चालते, तेल किती उरलं ते येता-जाता दिसतं, आणि वात सरकवायला काडी पुरते.

‘तेल’ हा शब्दच ‘तिळा’वरून आला. विदर्भात पूर्वी जवसाचं तेलही घरोघरी असे. म्हणजे शेतातली काळी माती तेल पुरवते आणि नदीचा गाळ दिवा पुरवतो. पावसाळ्यात फुटली तर पुढच्या आव्यात नवी पणती भाजून निघायची. तरीही कुंभाराने काठावर चार खळ्या जास्तीच्या उमटवल्या. त्या खळ्यांनी दिवा काही अधिक उजळत नाही. दोन पैशांच्या वस्तूवर खर्चलेला तो क्षण मला राजाच्या शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो.

स्तूप डोळ्यांत भरतो, त्याच्यासाठी निवेदनं निघतात. ती निघायलाच हवीत. पणतीसाठी कोण उभं राहणार? तिचं मोल ती सापडली त्या जागेत आहे. चुलीपाशी सापडली तर ती घराची गोष्ट सांगते, स्तूपापाशी सापडली तर भक्तीची. घराच्या धाब्यावर टाकायला पांढरीची माती गाडीभर उचलली, की ही जागा कायमची पुसली जाते. पाणी चढलं की तिथवर पोचणंही संपतं. म्हणून पाण्याआधी जितकं शक्य तितकं खणून, मोजून, नोंदून ठेवावं. आणि जे निघेल ते बुलडाण्याच्याच मुलांना जवळून बघता येईल असं ठेवावं.

यंदा बाजारातून पणती घेताना तिच्या चोचीवर अंगठा ठेवून बघा. कुंभाराच्या चिमटीने केलेला खोलगटपणा बोटाला लागेल. पांढरीतल्या खापरावर तो असाच लागतो, फक्त त्याची काजळी दोन हजार वर्षांची असते.