दहावा रोजा आणि स्वारगेटची एसटी

२७ फेब्रुवारीला आमच्या कॉलेजात मराठी भाषा गौरव दिन झाला. मी मराठी शिकवते, त्यामुळे फलकलेखनापासून पाहुण्यांच्या नारळापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात असतं. त्या दिवशी नववा रोजा होता. कार्यक्रम संपला तेव्हा घसा इतका कोरडा पडला होता, की आभार मानायला उभी राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. घरी येताना ठरवून टाकलं. उद्या शनिवार, परवा रविवार, लेकीला घेऊन पुण्याला जायचं. थोडी पुस्तकं बघायची, एखादं संग्रहालय बघायचं आणि एक इफ्तार दुसऱ्या कुणाच्या हातची करायची.

रमजानमध्ये घरातल्या बाईने सुट्टी घ्यायची, ही कल्पना आमच्यात जरा धाडसाचीच. दिवसभर रोजा, चार वाजल्यापासून भजी, चणे, फळं कापणं, पहाटे पुन्हा चूल. महिन्याचं पुण्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं, पण भांडी नाही येत. मी भीतभीतच सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘जा गे. एक दिन हमने भजे तले तो क्या हाथ जलते?’’ प्रवासात रोजा सोडण्याची सवलत असते, असं मी लेकीला सांगू लागले, तर त्यांनी तेवढ्यात हटकलं. भोर ते पुणे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, एवढ्याशा अंतराला कसली सवलत! लेक नववीत आहे. तिलाही सवलत नकोच होती.

यंदाचा रमजान थंडीच्या शेपटाला आला आहे. पुण्यात दुपारी ऊन लागायला लागलं असलं, तरी आमच्याकडे पहाटे सहेरीला उठलं की अजून शाल लागते. वेल्ह्याकडच्या, म्हणजे आता राजगड तालुक्यातल्या, डोंगरगावांत तर शेकोटीसुद्धा लागते. चांद्रवर्ष सूर्यवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८ आणि १९९९ साली तो डिसेंबरात होता. मी तेव्हा कॉलेजात होते. दिवस छोटा, तहान कमी, सहा वाजून गेले की लगेच मगरिबची अजान. त्या रमजानची सगळी मजा खाण्यापेक्षा थंडीची होती. तांदळाची भाकरी चुलीवरून थेट ताटात आणि बाहेर नीरेच्या पात्रावर धुकं. लेकीला तसला रमजान माहीतच नाही. तिच्या वाट्याला आले ते मे-जूनचे आणि एप्रिलचे. पण तो परत येतो आहे. २०३० साली तर एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी.

शनिवारी सकाळची स्वारगेट गाडी पकडली. कापूरहोळला हायवे लागला, पुढे खेड शिवापूर. कमरअली दरवेशांच्या दर्ग्याकडे बघून माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी हात जोडले, मी मनातल्या मनात सलाम केला, आणि आम्ही दोघी पुन्हा आपापल्या पिशव्या सांभाळू लागलो. या रस्त्यावर हे रोजचंच आहे.

आधी अप्पा बळवंत चौक. परीक्षांचे दिवस असल्याने गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांची झुंबड होती. मला हवा होता माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश. माधव जूलियन म्हटलं की आपल्याला कवी आठवतो, ‘गज्जलांजली’ आठवते. पण हा माणूस फर्ग्युसन कॉलेजात फार्सी शिकवत होता आणि १९२५ साली त्याने मराठी वाचकासाठी फार्सीचा कोश करून ठेवला. भारत इतिहास संशोधक मंडळाने तो पुण्यातच प्रसिद्ध केला. जुने मराठी कागद फार्सी शब्दांशिवाय उलगडत नाहीत, ही त्यामागची गरज. कोश मिळाला नाही. आमच्या ग्रंथालयातली पुठ्ठा निघालेली प्रतच पुन्हा वापरायची.

पण त्या निमित्ताने लेकीशी चौकात उभ्या उभ्या बराच वेळ बोलणं झालं. ‘रोज’ म्हणजे दिवस, तो शब्द फार्सी. त्याच्यावरून रोजा, आणि त्याच्यावरूनच रोजगार, रोजनिशी, रोजमेळ. रोजंदारीवर जाणारा माणूस आणि रोजा धरणारा माणूस एकाच शब्दाचे धनी. तिने विचारलं, ‘‘मग आपल्या भोरमध्ये असा एखादा शब्द आहे?’’ आहे की. आपलं संस्थान पंतसचिवांचं. शिवराज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची फार्सी नावं बदलून संस्कृत केली गेली, तेव्हा ‘सुरनीस’चा ‘सचिव’ झाला. फार्सी शब्द काढून त्यांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही त्याच काळातला. म्हणजे एका काळी इथे फार्सी काढायला कोश झाला आणि अडीचशे वर्षांनी ती समजून घ्यायला दुसरा कोश करावा लागला. दोन्ही कामं आपल्याच माणसांनी केली. मला यात भांडण दिसत नाही. ज्याला भाषेचं काम करायचं असतं, त्याला दोन्ही लागतात.

तिथून गंज पेठ. आता महात्मा फुले पेठ म्हणतात. मोमीनपुऱ्याला इफ्तारसाठी जाणारे बहुतेक लोक फुलेवाड्यावरून जातात, पण आत फारसं कुणी जात नाही. दुपारी चारला जा. वाडा शांत असतो. जोतीरावांचं स्मारक तिथेच आहे, तुळशी वृंदावनापाशी. मी लेकीला दाखवायला नेलं ते एका शेजाऱ्यासाठी. जोतीबांची शाळा सुटली होती, वडिलांनी मळ्यावर कामाला लावलं होतं. त्यांना पुन्हा शाळेत घाला म्हणून गोविंदरावांच्या मागे ज्या दोघांनी तगादा लावला, त्यांतला एक लिजिटसाहेब आणि दुसरा गफार बेग मुनशी, फार्सी-उर्दूचा शिक्षक. १८४१ मध्ये जोतीबा पुन्हा शाळेत गेले. पुढे उस्मान शेखांनी फुले दांपत्याला घर दिलं आणि १८५६ च्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचं नाव येतं, हे आता पुष्कळांना ठाऊक झालं आहे. मुनशींचं नाव मात्र मागे राहिलं. स्वतः फुल्यांनी पुढे ‘मानव महंमद’ ही कविता लिहिली. ती मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी चार-पाच मुलं नव्याने चकित होतात.

वाड्यातून निघालो तेव्हा साडेपाच झाले होते. मोमीनपुऱ्याच्या गल्लीत शिरलो आणि तिथेच चूक झाली. इफ्तारच्या आधीचा तास हा तिथे खरेदीचा असतो, बसून खाण्याचा नाही. खजूर, टरबुजाच्या फोडी, सामोसे, फेण्यांचे ढीग, सगळीकडे पुरुषांचे हात पुढे. बसायला जागा शोधताना लक्षात आलं, की अजान झाल्यावर हे सगळे जवळच्या मशिदीत जातील. आम्ही दोघी कुठे जाणार? अनेक मशिदींत बायकांना नमाजाची जागा नसते, आणि हे आपणच एकमेकांना मोठ्याने सांगत नाही. पावणेसात वाजत आले. हातात खजुराचं पाकीट घेऊन आम्ही एका घराच्या पायरीला टेकलो.

दार उघडं होतं. आतून एका म्हाताऱ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘बाहर क्या बैठे? अंदर आओ ना.’’ नाव-गाव काही विचारलं नाही. एकाच खोलीचं घर. दस्तरखानावर खजूर, चण्याची उसळ, कांदाभजी आणि सरबताचा तांब्या. सूनबाईंनी दोन पेले वाढवले. अजान झाली, रोजा सोडला, मग आम्ही चौघी पाठोपाठ नमाजाला उभ्या राहिलो.

चहा होताना आजींनी उशीखालून एक पत्रक काढलं, मशिदीच्या कमिटीने वाटलेलं, उर्दूत छापलेलं. लेकीच्या हातात देऊन म्हणाल्या, ‘‘बेटी, इस साल फितरा कित्ता है, पढ के बता.’’ फितरा म्हणजे ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचं दान. गव्हाच्या भावावरून त्याची रक्कम ठरते, म्हणून ती दरवर्षी नव्याने सांगावी लागते. आजी कुराण वाचतात, पण उर्दू येत नाही. माझ्या लेकीचंही तेच. तिने लहानपणी कुराण पूर्ण केलं आहे. पण अरबी पाठात जेर-जबरच्या खुणा असतात, अक्षरं स्वच्छ असतात. उर्दू नस्तालीकमध्ये छापतात, तिरप्या उतरत्या वळणाने. त्यात खुणा नसतात आणि टे, डाल, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरंही येतात. भाषा येत असेल तरच शब्द ओळखता येतो. लेकीने पत्रक उलटंसुलटं केलं, एक-दोन अक्षरं जोडून पाहिली, मग माझ्याकडे बघितलं. मी वाचून दाखवलं. आजींनी बोटांवर घरातली माणसं मोजली आणि हिशेब केला. आठवड्यापूर्वी आलेलं पत्रक त्यांनी कुणी वाचणारं येईल म्हणून जपून ठेवलं होतं.

यात माझी चूक आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या एका वहीत डावीकडून मराठीत घरखर्च आहे आणि उजवीकडून उर्दूत त्यांनी उतरवून घेतलेले शेर आणि स्वतःच्या नोंदी आहेत. ते गेल्यापासून वही माझ्या कपाटात आहे. लेक मराठी माध्यमात शिकते याचा मला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. घरात बोलली जाते तेवढी उर्दू पुरे, असं मी धरून चालले. सवड नव्हती असंही म्हणता येईल, पण सवड मी काढलीच नाही.

आजींच्या सूनबाईंनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. आठ ते साडेनऊच्या सुमारास पुरुष तरावीहच्या नमाजाला जातात, तेव्हा गल्ली मोकळी होते. बायका-मुलांनी आणि रोजा नसलेल्या पाहुण्यांनी तेव्हा जावं. आम्ही तसंच केलं. हलीम आणि खिचडा यांतला फरक एकदा शेजारी शेजारी खाऊन बघाच. दोन्हींत गहू, डाळी आणि मटण. हलीममध्ये ते सगळं घोटून घोटून एकजीव करतात, गोश्ताचा नुसता धागा उरतो. खिचड्यात दाणा दाताखाली येतो आणि फोडही. मला खिचडा आवडतो, लेकीला हलीम. मालपुव्यावर दोघींचं एकमत झालं. मटण न खाणाऱ्यांसाठी फिरनी आहे, मातीच्या वाटीतली, गार.

आणि नहारी. हाडांसकट मांस रात्रभर मंद आचेवर शिजवायचं आणि सकाळी खायचं, म्हणून ती नहारी. आपल्या शेतावर सकाळी डोक्यावरून जाते ती न्याहारी याच शब्दाची. भोरच्या बांधावरची भाकरी-चटणी आणि ही तुपाने माखलेली वाटी एका नावाच्या निघाव्यात, हे लेकीला इतकं गमतीचं वाटलं की तिने तिथल्या पोऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, ‘‘ताई, नान अजून एक देऊ का?’’

परतताना एका छोट्या दुकानात टोप्या, अत्तराच्या कुप्या आणि तसबीह यांच्यामागे काही पुस्तकं दिसली. लेक स्वतःहून आत गेली आणि उर्दूचा पहिला कायदा मागितला. दुकानदाराने विचारलं, ‘‘कितने साल का बच्चा है?’’ ती म्हणाली, ‘‘मुझेच चाहिए.’’

रात्री कोंढव्यात बहिणीकडे राहिलो. बहिणीने सहेरीला फेण्या दुधात घातल्या होत्या. साडेपाचला शेवटचा घोट पाणी, मग झोप.

रविवारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेत आहे, स्वारगेटहून रिक्षाने दहा मिनिटांत. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि शेवटी सरकारला देऊन टाकला. सुमारे वीस हजार वस्तू, त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. इथे तलवारींपेक्षा अडकित्ते जास्त बघण्यासारखे आहेत. दिवे, वज्र्या, कुंकवाचे करंडे, दाराच्या चौकटी, म्हणजे बायकांच्या हातातलं आणि घरातलं सगळं. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही इथेच आहे. तिथे गर्दी असते. सगळे फोटो काढतात. मस्तानीविषयी बोलताना लोकांचे आवाज अजूनही जरा खाली येतात, हे मी दर वेळी ऐकते.

लेक दौतींपाशी थांबली. पितळेच्या, कोरीव, लेखण्यांच्या खोबणीसकट. दौत हा शब्द अरबी, शाई फार्सी, कागदही बाहेरूनच आलेला. मी सांगणार होते, पण ती कायदा उघडून बाकड्यावर बसली होती, म्हणून नाही सांगितलं. पुढची दोन दालनं मी एकटीने बघितली.

तीनची गाडी मिळाली. स्वारगेटला पिचकाऱ्या आणि रंगांच्या पुड्या लागल्या होत्या, होळी तोंडावर होती. कापूरहोळच्या वळणावर ऊन उतरलं आणि खिडकीतून गार वारा आला. इफ्तारला घरी पोचलो. सासूबाईंनी खरोखरच भजी तळून ठेवली होती, थोडी करपली होती. तरावीहनंतर लेकीने कपाटातून नानांची वही काढून मागितली. पहिल्या पानावरची पहिली ओळ लावायला तिला पाऊण तास लागला. त्यात एक तारीख होती आणि दुधाचा हिशेब होता. शेर दुसऱ्या पानापासून आहेत.