बीजांडाची परिपक्वता आणि संप्रेरके : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या पर्जन्यछायेतील गावांत कोरडवाहू शेतीला जनावरांचा आधार असतो आणि म्हणूनच लाल कंधारी व देवणी या मराठवाड्याच्या गोवंशांची उत्तम वासरे कमी काळात मिळवून देऊ शकणारे प्रयोगशाळेतील फलनाचे तंत्र येथील पशुपालकाने नीट समजून घेणे आवश्यक ठरते. या तंत्रात जातिवंत गाईच्या बीजांडकोशातून सुईने बीजांडे घेतली जातात, ती प्रयोगशाळेत परिपक्व करून फलित केली जातात आणि सुमारे सातव्या दिवशी तयार भ्रूण दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवला जातो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई येथे जे. के. ट्रस्टच्या केंद्रात असे काम झाले असून, 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानातूनही या तंत्राला साहाय्य मिळते. या तंत्रात बीजांडाच्या परिपक्वतेसाठी वापरल्या जाणाऱ्या संप्रेरकांविषयीचे काही गैरसमज पुढे तपासले आहेत.

गैरसमज : संप्रेरकांमुळे नवी बीजांडे तयार होतात.
वस्तुस्थिती : कालवड जन्माला येते तेव्हाच तिचा बीजांडांचा साठा तयार असतो आणि प्रत्येक बीजांड पुटक नावाच्या सूक्ष्म पिशवीत, विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर थांबलेले असते. पुटक-उद्दीपक संप्रेरक, म्हणजे एफएसएच, नवे बीजांड घडवत नाही. एरवी सुकून गेली असती अशी काही पुटके ते वाढत ठेवते, इतकेच.

गैरसमज : संप्रेरकांशिवाय बीजांड परिपक्व होऊच शकत नाही.
वस्तुस्थिती : पुटकातून बाहेर काढलेले सशाचे बीजांड आपोआप पुढील विभाजन सुरू करते, हे पिंकस आणि एन्झमान यांनी 1935 मध्येच दाखवले. असे होते, कारण पुटकातील पेशींकडून येणारा रोधक संदेश तेथे तुटतो. मात्र ही केवळ केंद्रकाची परिपक्वता होय. बीजांडातील पेशीद्रवही फलनासाठी सिद्ध व्हावा लागतो आणि त्या कामी एफएसएच मुख्यतः बीजांडाभोवतीच्या सहायक पेशींमार्फत मदत करते : या पेशी हायलुरॉनिक आम्ल स्रवून पसरतात आणि बीजांडाला पोषक द्रव्ये पुरवतात. गाईच्या बीजांडाला यासाठी 38.5 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे 22 ते 24 तास लागतात. सहायक पेशींचे आवरण नसलेली बीजांडे मात्र सहसा बाजूला काढली जातात.

गैरसमज : मात्रा जितकी जास्त, तितके यश अधिक.
वस्तुस्थिती : संप्रेरक पेशींवरील ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) जोडले जाते त्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे ठरावीक पातळीनंतर मात्रा वाढवून लाभ होत नाही. शिवाय पीतपिंड-उद्दीपक संप्रेरकाचे, म्हणजे एलएचचे, ग्राहक प्रामुख्याने पुटकाच्या भिंतीतील पेशींवर असतात आणि तेथून संदेश पुढे नेणारी वृद्धिकारक प्रथिने 2004 मध्ये ओळखली गेल्यावर संवर्धन द्रवात अशी प्रथिने घालण्यामागील कारण अधिक स्पष्ट झाले. एवढे करूनही बहुतेक बीजांडांचे केंद्रक परिपक्व होत असले, तरी प्रत्यारोपणायोग्य भ्रूण साधारणतः 30 ते 40 टक्क्यांचेच बनतात. ही तफावत बरीचशी बीजांडाच्या मूळ गुणवत्तेतून येते.

गैरसमज : या संप्रेरकांचा अंश वासरात आणि पुढे दुधात उतरतो.
वस्तुस्थिती : एफएसएच आणि एलएच ही प्रथिने आहेत, परिपक्वतेनंतर बीजांडे धुऊन वेगळ्या द्रवात हलवली जातात आणि वासराचे शरीर पुढे स्वतःची संप्रेरके स्वतःच तयार करते. पूर्वीच्या काळात आढळलेल्या अवाजवी मोठ्या वासरांचा संबंधही या संप्रेरकांशी नव्हे, तर भ्रूण वाढवताना वापरलेल्या रक्तरसाशी (सीरम) जोडला गेला होता.

बीजांडाची वाढ अनेक आठवडे चालते आणि त्या काळातील उपासमार व उन्हाचा ताण त्याची क्षमता घटवतो. म्हणून पशुपालकांनी आधी चारा, पाणी, सावली, क्षारमिश्रण आणि माजाची नोंद यांकडे लक्ष द्यावे, आणि संप्रेरकांचे इंजेक्शन दुकानदाराच्या सांगण्यावरून कधीही न देता पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.