परसातील कोंबड्यांना नरांमुळे होणाऱ्या जखमा : उपचार व प्रतिबंध
(विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्हे)

प्रस्तावना :
सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण अर्थकारणाचा विचार करताना ऊस, द्राक्षे, हळद व दूध यांची चर्चा होते. परसातील खुराड्याची सहसा होत नाही. वस्तुतः अंडी व कोंबड्या विकून येणारा पैसा बहुतांशी घरातील स्त्रीच्या हाती राहतो. त्यामुळे अंड्यावरची एक कोंबडी जायबंदी होणे ही तिच्या दृष्टीने किरकोळ घटना नसते. प्रस्तुत लेखात अशा जखमांची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

जखमांचे स्वरूप व कारणे :
समागमाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर चढतो, चोचीने मानेची पिसे धरतो व नख्यांनी तोल सावरतो. हे वारंवार घडल्यास प्रथम पाठीवरील पिसे जातात, नंतर उघडी कातडी फाटते. पंखाखाली कुशीत पडलेली चीर बाहेरून दिसतच नाही आणि तीच अधिक घातक ठरते.

सर्वसाधारणपणे ८ ते १० माद्यांमागे १ नर पुरेसा असतो. शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतील तलंगांच्या गटातही २५ माद्या व ३ नर असे प्रमाण आढळते. अडचण पुढे येते. मुंगूस, कुत्री व रोगराई यांमुळे माद्या घटतात. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात आणि ते गावच्या जत्रेसाठी किंवा आखाडासाठी राखले जातात. परिणामी ऐन जत्रेच्या तोंडावर मोजक्या माद्यांमध्ये चार-पाच तरुण नर वावरू लागतात. म्हणून या समस्येचे मूळ कोंबड्याच्या स्वभावापेक्षा आपल्या सणावारांच्या वेळापत्रकात शोधणे अधिक योग्य वाटते.

उपचार :
जखमी कोंबडी तत्काळ वेगळी करावी, कारण रक्ताचा लाल रंग दिसताच इतर पक्षी तेथेच टोचतात. भोवतालची पिसे कातरून, उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी व पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद व तेल हा सांगलीकरांच्या हाताशी असलेला उपाय वरवरच्या ओरखड्यास चालतो. खोल जखमेत मात्र तो धुण्याची जागा घेऊ शकत नाही. रॉकेल, फिनाईल किंवा तंबाखू यांचा वापर कटाक्षाने टाळावा. उन्हाळ्यात माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून दिवसभरातच अळ्या निघू शकतात. म्हणून जखम रोज दोनदा पाहावी. कातडीखालचे मांस दिसत असल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. प्रतिजैविके त्यांच्याच सल्ल्याने द्यावीत आणि ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ अथवा विकू नयेत.

प्रतिबंध :
जादा नरांसाठी स्वतंत्र खुराडे हा खरा उपाय होय. नराच्या पायामागील काट्याचे केवळ टोक कानशीने बोथट करावे. आत हाड व रक्तवाहिन्या असल्याने तो मुळाशी कापू नये. पिसे गेलेल्या कोंबडीच्या पाठीवर जाड कापडाची लहानशी झूल बांधता येते. बेंदराला बैलाच्या पाठीवर झूल चढवणाऱ्या शेतकऱ्यास ही कल्पना प्रथम हसू आणते, परंतु नवी पिसे येईपर्यंत ती कातडीचे रक्षण करते.

कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देत नाही, हा समज अद्याप आढळतो. नर केवळ उबवणीच्या अंड्यांसाठी लागतो. तो वेगळा केल्यावरही सुमारे आठवडाभर अंडी फलित राहू शकतात. तेव्हा उबवणीपुरताच त्याला माद्यांत सोडता येते.