दिवाळीची सुट्टी, तान्हे बाळ आणि कोठ्यातली बाटली

दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. आश्विन वद्य द्वादशीला सांजच्याला वासरासह गाईची पूजा करायची, तिला नैवेद्य दाखवायचा, ही आपली जुनी रीत. पुष्कळ घरांत त्या दिवशी दूधदुभते खात नाहीत. ते दूध वासराचे, असे आपली म्हातारी माणसे सांगतात. लेकुरवाळ्या बाया आपल्या लेकरांच्या सुखासाठी हा सण करतात.

गेल्या वसुबारसेला मी सुट्टी काढून सासुरवाडीला होतो. दारात गाय-वासरू, आत बाजेवर माझी बायको, तिच्या कुशीत बारा दिवसांची लेक आणि माझ्या कडेवर अडीच वर्षांचा थोरला. चित्र मोठे छान होते. पण त्या चार दिवसांत जे घडले ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. झाल्या प्रकारात माझी स्वतःची चूक होती, म्हणूनच ते लिहितो आहे.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. शेतीची पदविका झाली, नोकरी लागली आणि तेव्हापासून गावोगाव सभा घेतो. बियाण्याला बीजप्रक्रिया करा, माती तपासून घ्या, औषधे कुलपात ठेवा, असे शेकडो वेळा सांगितले असेल. परंतु सांगणारा माणूस घरी आला की तो जावई असतो, मुलगा असतो, बाप असतो. तिथे सभा नसते.

वासराला चीक, मग लेकराला का नको?

आमची लेक ग्रामीण रुग्णालयात जन्मली. वजन अडीच किलोच्या थोडे वर. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि काविळीची लस देऊन झाली. पुढच्या लसी दीड महिन्यांनी. घरी आल्यावर गावच्या आशाताई येऊन वजन बघून गेल्या, अंगाला हात लावून ताप-थंडी बघून गेल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी दीड महिन्यात आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी द्यायच्या असतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध करून दाखवली, आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली.

तर मी पोहोचलो तेव्हा सासूबाई मध आणि गुटी उगाळून तयार होत्या. खोलीची खिडकी बंद, बाजेखाली कोळशाची शेगडी. त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्या सासूने त्यांचे केले, तेच त्या लेकीचे करीत होत्या.

मी म्हणालो, "मामी, आपली गाय व्याली तेव्हा वासराला पहिल्यांदा काय पाजलं?"

"चीक. दुसरं काय पाजणार?"

"मध पाजला का?"

त्या हसल्या. "येडे का काय जावईबापू!"

शेतकरी बंधूंना हे समजावून सांगावे लागत नाही. वासरू जन्मल्यापासून पहिल्या तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, दिवसाला वजनाच्या साधारण एक दशांश, हे आपण जाणतो. पंचवीस किलोच्या वासराला अडीच किलो. चीक मिळाला नाही तर वासरू हगवणीने जाते. मग माणसाच्या लेकराचे वेगळे कसे असेल? तरीही अजून काही घरांत बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध पिळून टाकतात. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा प्यावे, पाच-सहा वेळा लघवी करावी, म्हणजे दूध पुरते आहे असे समजावे.

मामींना गुटीचे पटले. शेगडीही मी बाहेर काढली, कारण बंद खोलीत कोळशाचा धूर जिवाला घातक. संध्याकाळी दारात लावलेले फटाकेही लांब न्यायला लावले. एवढे झाल्यावर रात्री बायको म्हणाली, "किती टोकता आईला? चार दिवसांचे पाहुणे तुम्ही. महिनाभर हे सगळं तिनंच निभावलंय."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी ठरवले, आता तोंड बंद ठेवायचे.

थोरला कुणाचाच नाही

घरात तान्हे बाळ आले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. जो येतो तो पाळण्यात वाकतो. थोरल्याला मात्र गंमत म्हणून विचारतात, "आता तुझी आई बाळाची झाली. तुला रे कोण घेणार?" मोठ्यांची गंमत होते, पण लेकरू ते खरे धरते.

आमचा थोरला चांगला पेल्याने दूध प्यायचा, तो पुन्हा आईच्या अंगावर प्यायला मागू लागला. रात्री अंथरूण ओले करू लागला. एकदा मला म्हणाला, "पप्पा, बाळाला दवाखान्यात देऊन या." मी हसलो. बायको हसली नाही. ती म्हणाली, "त्याला तुम्ही घेत जा. मला उठवत नाही, आणि आई चुलीपुढून हलत नाही."

गाय दुसऱ्यांदा व्याली की आधीचे वासरू आपण वेगळ्या दाव्याला बांधतो आणि मोकळे होतो. माणसाच्या लेकराचे तसे करता येत नाही. ते मोकळे असते, चालते, दार उघडते, शिडी चढते, आणि आईचे लक्ष मिळवायला काहीही करते. त्यात दिवाळीचे दिवस. चुलीवर कढईत तेल, अंगणात उकळत्या पाण्याचा बंब, दारात पाहुणे, शेतात कापसाची वेचणी. प्रत्येकाला वाटते, पोरगं दुसऱ्याजवळ असेल.

तीच बाटली

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी दूध आणायला मी कोठ्यात गेलो. कडब्याशेजारच्या फळीवर थंड पेयाची एक प्लास्टिकची बाटली दिसली. आत अर्ध्याच्या वर पांढरे पाणी. वास घेतला तेव्हा कळले. आदल्या दिवशी मेहुण्याने तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी केली होती, त्यातले उरलेले द्रावण. पाण्यात मिसळल्यावर पुष्कळ औषधे दुधासारखी पांढरी होतात, हे आपण रोज पाहतो.

मी बाटली पाहिली. बोलायला हवे होते. पण मनात आले, कालच एवढे बोललो, आता मेहुण्यालाही शिकवायचे का? सासुरवाडीत जावयाने किती तोंड चालवायचे? नंतर बघू म्हणून बाटली तशीच फळीवर ठेवून मी बाहेर आलो.

दुपारी ओसरीवर चार माणसे बसली होती. कापसाचा भाव, हरभऱ्याची पेरणी, असे बोलणे चालले होते. बायको आत बाळाला पाजत होती. तेवढ्यात थोरला कोठ्याकडून आला. दोन्ही हातांनी तीच बाटली छातीशी धरलेली. झाकण सैल, सदरा पुढून भिजलेला. माझ्याकडे न बघता सरळ खोलीच्या दाराकडे निघाला.

"कुठं चाललास रे?" मी विचारले.

"बाळाला दूदू," तो म्हणाला.

बंधूंनो, त्या क्षणी पायांखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला कळले. बाळाला दवाखान्यात देऊन या म्हणणारा पोरगा बाळासाठी दूध घेऊन चालला होता. दारापासून बाज चार पावलांवर.

बाटली हिसकावून घेतली. सदरा, चड्डी काढून फेकली, हौदावर नेऊन साबण लावून अंग, तोंड, हात धुतले. पोटात गेले की नाही, कळायला मार्ग नव्हता. मामी मिठाचे पाणी घेऊन धावल्या, उलटी करवायला. मी नको म्हणालो. औषध घशातून परत येताना फुप्फुसात गेले तर दुहेरी घात होतो. कुणी तूप आणले, कुणी ताक. तेही दिले नाही.

बाटलीवर नाव नव्हते. कुठले औषध, हे डॉक्टरांना सांगायचे कसे? मेहुणा विहिरीकडे पळाला आणि मूळ डबा घेऊन आला. रुग्णवाहिकेची वाट न पाहता आम्ही मोटारसायकलवर निघालो. मेहुणा गाडीवर, मध्ये थोरला, मागे मी. ग्रामीण रुग्णालय नऊ किलोमीटर. सणाचा दिवस असूनही डॉक्टर हजर होते, हे आमचे नशीब. त्यांनी आधी डब्यावरचा कागद वाचला, मग पोराच्या डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडाची लाळ, छाती तपासली. म्हणाले, "आता लक्षण काही नाही. पण रात्रभर इथंच ठेवू."

लक्ष्मीपूजन दवाखान्यात झाले. खिडकीतून गावातले बाण दिसत होते. थोरला मांडीवर डोके ठेवून पडला होता. मध्येच उठून म्हणाला, "बाळानं दूदू पिलं?"

सकाळपर्यंत त्याला काही झाले नाही. डॉक्टरांनी घरी पाठवले.

मेहुण्याचा प्रश्न

परतताना मेहुण्याने वाटेत गाडी थांबवली. डोळे लाल झाले होते. म्हणाला, "दाजी, चूक माझीच. पण एक सांगा. सकाळी दुधाला तुम्हीच गेले होते. बाटली दिसली नाही का?"

"दिसली होती."

"मग बोलले का नाही?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. सभेत पन्नास माणसांपुढे बोलणारा मी, घरच्या एका माणसापुढे गप्प बसलो. कारण काय, तर वाईट दिसेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, असे आम्ही सांगत आलो. ते बरोबरच आहे. पण हे सारे फवारणाऱ्यासाठी. उरलेले औषध घरी येते, तिथे रांगणारे, चालणारे लेकरू असते, याबद्दल आम्ही कमी बोललो.

घरोघरी एवढे करावे

१) औषध मूळ डब्यातच ठेवावे. पाण्याच्या, थंड पेयाच्या, दारूच्या बाटलीत कधीही ओतू नये. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणा दाखवतो. त्यात लाल सर्वांत जहाल. विषबाधा झाल्यास काय उपचार करावा, हेही कागदावर छापलेले असते.

२) क्षेत्र मोजून लागेल तेवढेच द्रावण करावे. उरलेच तर त्याच पिकाच्या न फवारलेल्या ओळींवर संपवावे. घरी आणू नये. विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नये.

३) रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात घालावे. डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही डबे पुन्हा वापरात येऊ नयेत, असेच सांगितले आहे.

४) औषधासाठी कुलपाची पत्र्याची पेटी करावी. आम्ही पाडव्यालाच केली. किल्ली मेहुण्याच्या करगोट्याला आहे.

५) लेकराने औषध प्यायल्याचा नुसता संशय आला तरी कपडे काढून अंग साबणाने धुवावे. उलटी करवू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध, तूप, ताक काही पाजू नये. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. डबा सोबत न्यावा.

६) सुट्टीवर आलेल्या बापाने थोरल्याची जबाबदारी नाव घेऊन स्वतःकडे घ्यावी. घरात दहा माणसे असली तरी "आता पोरगं माझ्याकडे" असे तोंडाने म्हणावे. जाताना ते दुसऱ्याच्या हाती सोपवून जावे.

७) थोरल्याला बाळाच्या कामात घ्यावे. दुपटे आणून दे, पाळण्याची दोरी ओढ, असे सांगावे. त्याला बाळासाठी काहीतरी करायचे असते. आपण काम दिले नाही तर ते तो स्वतः शोधतो.

ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि आमच्या खात्यातील मंडळींना एक विनंती. आशाताईंच्या सहा भेटींत एक प्रश्न वाढवावा, "घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय?" आम्हीही शेतीशाळेत पुरुषांबरोबर घरच्या बायांना बोलवावे. डबा घरात आला की त्याच्याजवळ दिवसभर त्याच असतात.

आता पुन्हा वसुबारस येईल. आमची बारकी आता बसू लागली आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते. थोरला तिच्या हातातून वस्तू काढून घेतो आणि ओरडतो, "पप्पा, हिनं खडा खाल्ला!" मी हातातले काम सोडून जातो. आणि सासुरवाडीला गेलो की चहाच्या आधी कोठ्यात एक चक्कर मारतो. मेहुणा हसतो, म्हणतो, "दाजी, तपासणी झाली का?"

वाईट दिसत असेल तर दिसो.

– एक कृषी विस्तार अधिकारी