झाडावर थोडी कीड राहू द्या

पाऊस ओसरत आला की आमच्या परसातल्या सीताफळावर पांढरं पीठ शिंपडल्यासारखं दिसू लागतं. हा पिठ्या ढेकूण. सीताफळाच्या दोन डोळ्यांमधली खाच म्हणजे त्याला आयतं घर. तिथे तो सोंड खुपसून बसतो आणि रस ओढत राहतो. रसातली जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ काजळी धरल्यासारखं दिसू लागतं. आतला गर कितीही गोड असला तरी बाजारात अशा फळाला कुणी हात लावत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका फळावरचा पिठ्या जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायला बसलो होतो. त्या पांढऱ्या गर्दीत एक ‘पिठ्या’ इतरांपेक्षा चांगलाच मोठा होता आणि भराभर चालत होता. पिठ्याची चाल मंद, तो तासन्‌तास एका जागी बसून असतो. म्हणून भिंग आणलं. अंगावर मेणाच्या लांब पांढऱ्या झिरमिळ्या असलेली ती अळी एका पिठ्याला जबड्यात धरून त्याचं अंग शोषत होती. थोड्या वेळाने तिथे नुसतं चुरगळलेलं कातडं उरलं आणि अळी पुढच्या पिठ्याकडे वळली. मी ब्रश खाली ठेवला.

ही अळी होती क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी या ढालकिड्याची. पूर्ण वाढलेला भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा. पाठ काळपट, डोकं आणि पाठीचं टोक नारिंगी. त्याची मादी पिठ्याच्या कापसासारख्या अंडीपुंजाजवळच अंडी घालते, म्हणजे अळी बाहेर पडते ती थेट जेवणाच्या पंगतीत. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो. एवढ्या काळात एक अळी पिठ्याची शेकडो अंडी आणि पिल्लं फस्त करते. भक्ष्यासारखंच पांढरं रूप असल्यामुळे पिठ्याची राखण करणाऱ्या मुंग्यांनाही ती सहसा ओळखू येत नाही. माणसाचीही तीच गत होते. ‘मोठा पिठ्या’ समजून कित्येक जण तिला चिरडतात.

त्याच्या आदल्या वर्षी मीही असंच केलं होतं, फक्त वेगळ्या मार्गाने. दुकानातून जालीम औषध आणून झाड चिंब फवारलं. चार दिवस झाड स्वच्छ दिसलं. तीन आठवड्यांत पिठ्या परतला आणि पूर्वीपेक्षा जास्त आला. याचं कारण पिठ्याच्या राहणीत आहे. अंगावर मेणाचा थर असल्याने औषधाचं पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात. बरीच पिल्लं सालीखाली आणि खाचांत दडलेली असतात. उघड्या पानांवरून हिंडतो तो ढालकिडा, त्यामुळे औषध आधी त्याला लागतं. शिवाय खाणाऱ्याची संख्या खाद्य वाढल्यावरच वाढते. पिठ्या आधी वाढतो, ढालकिडा त्याच्यामागून. फवारणीने दोघे मेले तरी अंड्यांतून पिठ्या लगेच डोकं वर काढतो आणि मधल्या काळात त्याला खाणारं झाडावर कुणीच नसतं.

ही गोष्ट साऱ्या जगाला शिकवली ती कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांनी. 1868च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आलेल्या झाडांबरोबर तिथे एक कीड पोचली. पाठीवर कापसाची पन्हाळी गादी असलेली ही खवले कीड म्हणजे पिठ्याचीच नातेवाईक. वीस वर्षांत तिने लॉस एंजेलिसच्या आसपासच्या बागा इतक्या पोखरल्या, की शेतकरी झाडं तोडून जाळू लागले. अमेरिकेच्या कृषी खात्यातले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियात का माजत नाही? तिथे तिला खाणारं कुणीतरी असलंच पाहिजे. पण कीटकशास्त्रज्ञांच्या परदेश प्रवासाला सरकारी पैशाची परवानगी नव्हती. तेव्हा मेलबर्नच्या जागतिक प्रदर्शनाला जाणाऱ्या पथकाच्या खर्चातून अल्बर्ट कोबेल यांना 1888 साली पाठवण्यात आलं. अ‍ॅडलेडच्या एका बागेत त्यांना लाल-काळा ढालकिडा ही कीड खाताना सापडला. व्हेडालिया हे त्याचं नाव.

बर्फाच्या थंडाव्यात, जहाजाने, पहिल्या तीन खेपांत मिळून 129 किडे जिवंत पोचले. लॉस एंजेलिसमधल्या एका बागेत संत्र्याच्या झाडाभोवती कापडी तंबू उभारून ते आत सोडले. 1889च्या एप्रिलमध्ये झाड साफ झालं होतं, तेव्हा तंबूची एक बाजू उघडली. जूनपर्यंत 10,555 किडे 208 बागायतदारांना वाटले गेले. साऱ्या मोहिमेचा खर्च दोन हजार डॉलरच्या आत होता. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ त्या किडीची कुणाला आठवणही राहिली नाही. मग दुसरं महायुद्ध संपलं आणि बागांवर डीडीटी आलं. ते दुसऱ्या किडींसाठी फवारलं होतं, पण त्याने व्हेडालिया मारला. विसरलेली कीड पुन्हा झाडं पांढरी करू लागली. डीडीटी आवरून ढालकिडे परत सोडले, तेव्हाच ती बसली.

आपल्याकडचा क्रिप्टोलिमसही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. 1898 साली दक्षिण भारतातल्या कॉफीच्या मळ्यांत तो खवले किडीसाठी आणला गेला. ते काम त्याला जमलं नाही, पण इथे पिठ्या भरपूर होता, त्यामुळे तो टिकला. आज त्याला प्रयोगशाळेत वाढवतात ते लाल भोपळ्यावर. पिकलेला भोपळा धुऊन पुसून घेतात, सालीला कुठे चीर असेल तर ती मेणाने बुजवतात, म्हणजे तो सडत नाही. त्यावर आधी पिठ्या वाढवतात आणि भोपळा पांढराशुभ्र झाला की ढालकिडे सोडतात. महिनाभरात एका भोपळ्यावरून नव्या पिढीचे भुंगेरे गोळा करता येतात.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत हे भुंगेरे हेक्टरी 5000च्या आसपास सोडण्याची शिफारस आहे. पण द्राक्षाचा पिठ्या वर्षभर खोडाच्या आणि ओलांड्यांच्या सैल सालीखाली लपतो आणि गोडी छाटणीनंतर घड भरू लागले की वर चढून त्यांत शिरतो. त्यामुळे नुसते भुंगेरे सोडून भागत नाही. सैल साल आधीच काढावी लागते, खोडावरची मुंग्यांची वाट तोडावी लागते आणि भुंगेरे सोडल्यावर कडक कीटकनाशकाला हात लावायचा नसतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश काटेकोर तपासला जातो. काढणीच्या तोंडावर ढालकिडा जे काम करतो, त्याचा कसलाच अंश मण्यात उरत नाही.

मुंग्यांचं प्रकरण मात्र दुहेरी आहे. चिकट्याच्या मोबदल्यात त्या पिठ्याचं रक्षण करतात, ढालकिड्यांना हुसकतात, पिठ्याच्या पिल्लांना फांदीवरून फांदीवर नेतात. पण कोकणातल्या ओंबिलीचा दुसरा गुणही आहे. पानं शिवून घरटं करणाऱ्या, गोव्यात हुमले म्हटल्या जाणाऱ्या या तांबड्या मुंग्या काजूच्या पालवीवरच्या ढेकण्याची शिकार करतात. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर सोडण्यासाठी याच मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद इसवी सन 304च्या सुमाराची आहे. एकच जीव एका झाडावर मित्र आणि दुसऱ्यावर अडसर ठरतो. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी कोण काय खातंय ते डोळ्यांनी पाहायला हवं.

परसबागेत यासाठी फार काही लागत नाही. एक भिंग घ्या आणि आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू पाहा. पिठ्याच्या गर्दीत भराभर चालणारा पांढरा जीव दिसला तर त्याला हात लावू नका. मुंग्यांची रांग खोडावर चढत असेल तर खोडाला चिकटपट्टी बांधा. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिथून वाट काढतात. कीड फारच वाढली तर तेवढीच फांदी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. झाडाजवळ बडीशेप, कोथिंबीर फुलू द्या, कारण अनेक मित्रकीटकांना शिकार नसेल तेव्हा मध आणि पराग लागतो.

सर्वांत अवघड आहे ते मन आवरणं. एकही कीड नसलेलं झाड आपल्याला निरोगी वाटतं. पण जिथे पिठ्याच नाही तिथे ढालकिडा उपाशी मरतो किंवा उडून जातो, आणि पुढचा पिठ्या येतो तो राखणदार नसलेल्या झाडावर. शेतीशास्त्रात ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात ती हीच समज: कीड दिसली म्हणून फवारायचं नाही, तिच्यामुळे होणारं नुकसान उपायाच्या खर्चापुढे जाईल तेव्हाच हात उचलायचा.

या वर्षी आमच्या झाडावर चाळीसेक सीताफळं धरली. त्यातली चार-पाच पिठ्याने घेतली आहेत. शेंड्याकडच्या एका फळावर काल भिंग धरलं, तर कापसाच्या पुंजात नारिंगी डोक्याचा एक भुंगेरा तोंड खुपसून बसला होता. ते फळ मी झाडावरच ठेवलं आहे.