वजनाचे प्रमाण

खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ते ५२ किलोग्रॅम वजनाच्या गटात कुस्ती खेळले व सहावे आले. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते. १९५२ साली हेलसिंकी येथे ते ५७ किलोग्रॅमच्या गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

चार वर्षांत खाशाबांचा गट वरचा झाला आणि यशही वाढले. यावरून ध्यानात येते की, वजन कमी असणे म्हणजेच आरोग्य नव्हे. ज्याच्या त्याच्या वयाला, उंचीला व बांध्याला योग्य असे वजन, तेच निरोगी वजन. वाढत्या वयात तर वजन वाढलेच पाहिजे; कारण त्या काळात हाडे व स्नायू घडत असतात.

मग तरुण माणसे वजन प्रमाणात का राखतात? कित्येक जण लोकांच्या हसण्याला भिऊन किंवा आरशात सुंदर दिसावे म्हणून एकाएकी जेवण तोडतात. परंतु अन्न कमी पडू लागले की शरीर आपली शक्ती जपून खर्च करते आणि भूकही वाढते. अशा वेळी निश्चय डळमळतो व गेलेले वजन पुन्हा परत येते. शिवाय अंगी अशक्तपणा येतो, तो वेगळाच.

याउलट, काही तरुणांना गड चढताना दम लागू नये असे वाटते. कोणाला सैन्यात भरती व्हावयाचे असते. कोणी घरातील वडीलधाऱ्यांचा मधुमेह पाहून वेळीच सावध होतो. कोणाला खेळातच आनंद वाटतो. अशी प्रेरणा अंतःकरणातून आलेली असते. म्हणूनच ती दीर्घकाळ टिकते. तिला सोबत्यांची जोड मिळाली, तर व्यायामाचा कंटाळा येत नाही. तालमीत एकटा मल्ल आळसावेल. पण जोडीदार वाट पाहत असला, म्हणजे पहाटे उठणे सोपे जाते.

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी शरीराची भरपूर हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी खर्च करावा लागत नाही. सूर्यनमस्कार, धावणे, खो-खो, यांपैकी काहीही चालेल. त्याबरोबर भाकरी, डाळ, पालेभाजी व फळे असा साधा, पोटभर आहार हवा.

सोबत्याच्या जाडपणाला किंवा किडकिडीतपणाला हसून त्याचे आरोग्य सुधारत नाही. त्याला खेळावयास बोलवावे. त्याच्या हिताचा मार्ग तेथूनच सुरू होतो.