घंटा एक, वर्ग दोन

बुधवारी तिसरा तास संपल्याची घंटा झाली, की आमच्या वर्गातली सहा-सात मुलं उठत. डेस्कमधून एक पातळसं पुस्तक काढत, रांग करत आणि चॅपलच्या बाजूच्या खोलीकडे निघून जात. त्यांचा तास ‘कॅटेकिझम’चा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिकवणीचा. मागे उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस जणांसाठी ‘मॉरल सायन्स’. जबलपुरातल्या त्या मिशनरी शाळेत मी दहा वर्षं काढली आणि आठवड्यातून एकदा होणारी ही फाळणी मला पावसाळ्याइतकी नैसर्गिक वाटत राहिली.

आमचं घर मराठी. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं, हे सांगताना त्यांची मान किंचित ताठ होई. घरी आजी विचारायची, “आज काय शिकवलं रे?” मी सांगायचो, “खोटं बोलू नये, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडायला मदत करावी.” ती म्हणायची, “एवढ्यासाठी फी कशाला भरायची? मी फुकट सांगते की.”

आजीचा हा शेरा पुढे बरीच वर्षं डोक्यात राहिला. ख्रिस्ती शाळेत धर्म नेमका शिकवतात कुठे, कुणाला आणि कसा? बाहेर दोन पक्ष ठाम आहेत. एक म्हणतो, या शाळा धर्मांतराचे कारखाने आहेत. दुसरा म्हणतो, तिथे फक्त शिस्त आणि इंग्रजी मिळतं. आत बसलेल्या मुलाला दोन्ही विधानं ऐकून हसू येतं, कारण त्याला आठवतो तो एक जांभया देण्याचा तास.

जबलपूरच्या जुन्या ख्रिस्ती शाळा रेल्वेच्या आगेमागे उभ्या राहिल्या. सेंट अलॉयशियस 1868 ची, ख्राइस्ट चर्च 1870 ची. त्याच 1870 च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला रूळ आणि अलाहाबादकडून आलेला रूळ जबलपुरात जोडले गेले. छावणी, रेल्वे आणि इंग्रज अंमलदार यांची मुलं हा या शाळांचा पहिला आधार. त्यांना ‘स्क्रिप्चर’, म्हणजे बायबल, शिकवण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, मुलं मुळात ख्रिस्तीच होती. पुढे केंब्रिजच्या परीक्षेतही धर्मज्ञानाचा पेपर असे, आणि भूगोलासारखाच तो पाठ करून सोडवत. अडचण सुरू झाली ती बाकावर शेजारी पंडितांचा, शेठजींचा आणि काझींचा मुलगा येऊन बसला तेव्हा.

ही अडचण महाराष्ट्राने त्याआधी तीन-चार दशकं सोसली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत शाळा काढली. बायबल हा तिथला गाभ्याचा विषय होता, त्यात लपवाछपवी नव्हती. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, गाव उसळलं आणि पालकांनी मुलं भराभर काढून घेतली. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा त्याच वाटेवर. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं. मग त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबईचे शास्त्री एकमेकांवर तुटून पडले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

पण बायबलच्या तासाचं फळ ठरलेलं नसे. बाबा पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले, 1854 मध्ये ख्रिस्ती झाले, तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचताना एका मुलाच्या मनातली उलथापालथ वर्गाच्या खिडकीतून दिसते. तिकडे पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतून 1847 मध्ये बाहेर पडलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी टॉमस पेन वाचला, दोन्हीकडच्या भटाभिक्षुकांना प्रश्न विचारले आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. तास साधारण तोच होता, पण मुलं पुस्तकासारखी नसतात, ती शिकवलेल्यातून भलतंच काही शिकतात. विल्सनसाहेबांच्या विरोधकांना हे कळलं असतं, तर त्यांची अर्धी झोप वाचली असती.

कंपनी सरकारने यातून स्वतःपुरती एक चतुर वाट काढली. 1854 च्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांसाठी तटस्थतेचं धोरण होतं. बायबल ग्रंथालयात ठेवावं, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. विद्यार्थ्याने आपणहून काही विचारलं तर मास्तरांनी सांगायला हरकत नाही, पण शाळेच्या वेळेबाहेर. खाजगी शाळांना अनुदान मिळणार होतं ते लौकिक शिक्षणाच्या दर्जावर. धर्माच्या तासात काय चालतं यात सरकार नाक खुपसणार नव्हतं. पुस्तक कपाटात, उत्तर घंटेनंतर. आजच्या ख्रिस्ती शाळा नकळत पुन्हा याच ठिकाणी येऊन थांबल्या आहेत असं मला वाटतं, फक्त आता कपाटाला कुलूप आहे.

स्वतंत्र भारताने काय ठरवलं? संविधानाचा अनुच्छेद 28. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिकवण नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खाजगी शाळेत ती देता येते, पण कुणाला तिथे बसवायचं तर त्याची संमती हवी, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची. अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. म्हणजे जबलपूरच्या मिशनरी शाळेत पालकांच्या संमतीने बायबल शिकवायला संविधानाची आडकाठी नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा घटना समितीत 7 डिसेंबर 1948 रोजी निघाला. या तरतुदीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी धार्मिक शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट केलं. एखाद्या धर्माची मतं खरी मानायला लावणं ही शिकवण. त्या धर्माचं संशोधन, अध्ययन हे निराळं. पुढे कोठारी आयोगानेही 1966 मध्ये हीच रेघ ओढली: धर्माचं शिक्षण नको, पण धर्मांविषयीचं शिक्षण हवं. 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला. तीन ठिकाणी, तीन वेळा सांगून झालं आणि तरी शाळांच्या वेळापत्रकात त्याला जागा झाली नाही.

जबलपूरपुरतं पाहायचं तर ती जागा का झाली नाही, हे नागपूरला गेल्याशिवाय कळत नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर. 1954 मध्ये राज्य सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, अकरा हजारांवर लोकांना भेटली, दवाखाने, वसतिगृहं आणि शाळा पाहून आली. 1956 च्या अहवालाने शाळा आणि दवाखाने धर्मांतराचं साधन म्हणून वापरले जातात असा ठपका ठेवला. ख्रिस्ती पक्षाने त्याला एकतर्फी म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्याची फेररचना झाली. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं, आणि अहवाल मात्र नव्या मध्य प्रदेशाच्या सामानात आला. जबरीने किंवा आमिषाने होणारं धर्मांतर रोखणारा 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा त्याच वाटेवरचा. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी त्याला आव्हान दिलं. राज्याच्या उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. प्रसाराचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नाही, असं त्याचं सार. 2021 मध्ये आणखी कडक कायदा आला.

या सगळ्यात धर्म शिकवणाऱ्या मास्तरांचं काय झालं? ते मॉरल सायन्सकडे सरकले. गोष्टींचं पुस्तक, प्रत्येक धड्याखाली तात्पर्य, रिकाम्या जागा भरा. परीक्षा नाही, असली तर ग्रेड. हा तास ज्याच्याकडे वेळ रिकामा त्या शिक्षकाला मिळतो, आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो ‘जरा द्या’ म्हणून मागून नेतात. बी.एड.ला मराठी, हिंदी, विज्ञान शिकवण्याची पद्धत असते, याची नसते. गंमत अशी, की याच शहरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, सेरामपूर विद्यापीठाला संलग्न. तिथे पाद्री होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात इतर धर्मांचाही अभ्यास असतो. म्हणजे वेदीवर उभं राहणाऱ्याला गीतेतला कर्मयोग ठाऊक असणं गरजेचं मानलं जातं, पण त्याच समाजाच्या शाळेत दहा वर्षं शेजारी बसणाऱ्यांना एकमेकांचं काही माहीत असण्याची गरज कुणाला वाटत नाही.

याला एक सन्माननीय अपवाद जबलपूरपासून फार लांब नव्हता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले इंग्रज पाद्री व्हेरियर एल्विन आणि मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे 1932 च्या जानेवारीत तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. गोंडांसाठी दवाखाना आणि शाळा काढल्या, आणि धर्मप्रचार करायचा नाही असं ठरवलं. नागपूरचे बिशप वुड यांना हे पटेना. सुवार्ता सांगणार नसाल तर पाद्रीपणाचा परवाना कसला, हा त्यांचा सवाल. त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो चुकीचाही नव्हता. 1935 मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले. एल्विन पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजले, ईशान्येकडे गेले. शामराव मंडल्यातच राहिले. त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर 1946 मध्ये पुस्तक लिहिलं. ख्रिस्ती घरातला एक मराठी माणूस गोंडांच्या पुजाऱ्या-गायकांचे देव आणि गाणी मनापासून टिपत बसतो, याला मी आंबेडकरांच्या अर्थाने धर्माचा अभ्यास म्हणेन. आपल्या मराठी शाळांत त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, ही वेगळी हळहळ.

इंग्लंडची वाट आपल्या उलट दिशेने गेली. तिथे 1944 च्या कायद्याने शाळेत धर्मशिक्षण सक्तीचं झालं, मुलाला तासातून काढून घेण्याचा हक्क पालकांना ठेवून. मग स्थलांतरितांची मुलं आली आणि प्रश्न तोच पडला. धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी 1967 मध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग सुरू केला आणि धर्माकडे बाहेरून, पण आस्थेने बघण्याची शिस्त शाळांपर्यंत पोचली. 1975 मध्ये बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमात इतर धर्मही शिरले. तिथल्या चर्चच्या शाळेत आज दिवाळी आणि रमजान शिकवतात. भक्त घडवायचे नसतात आणि टवाळही घडवायचे नसतात, म्हणून ते शिकवणं अवघड असतं आणि त्यासाठी शिक्षक तयार करावे लागतात.

आपल्याकडे 2023 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या शाजापूरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना बजावलं, की नाताळच्या कार्यक्रमात मुलाला सांताक्लॉज करायचं तर पालकांची लेखी परवानगी घ्या. संविधानाने संमती मागितली होती धार्मिक शिकवणीसाठी. ती आता कापसाच्या दाढीपर्यंत आली. पुढच्या एप्रिलात कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, संविधानाची उद्देशिका सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी म्हणा, आवारात सर्वधर्म प्रार्थनेसाठी खोली ठेवा. सूचना शहाणपणाच्या आहेत. त्यांच्यामागची भीतीही खरी आहे. 2025 च्या मार्चअखेरीस मंडल्याहून जबलपूरच्या चर्चमध्ये यात्रेला आलेल्या ख्रिस्ती लोकांना अडवण्यात आलं आणि रांझी पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांच्या मदतीला गेलेल्या धर्मगुरूंना मारहाण झाली. संसदेतही त्याचे पडसाद उमटले. अशा हवेत कुठला प्राचार्य वेळापत्रकात ‘धर्म’ हा शब्द लिहायला धजेल?

तरीही माझी तक्रार मी मागे घेत नाही. प्रार्थनेची खोली बांधणं सोपं आहे. त्या खोलीत कोण कुणापुढे का वाकतं, हे विचारायला आणि सांगायला तास लागतो. धर्म शाळेने शिकवला नाही म्हणून तो मुलाला कळायचा थांबत नाही. तो मोबाइलवरून, मिरवणुकीच्या डीजेवरून, नातेवाइकांच्या कुजबुजीतून कळतो. तात्पर्याच्या धड्यांनी शाळेत शांतता टिकली हे खरं आहे, आणि ही काही लहान गोष्ट नाही, विशेषतः 1961 ची दंगल पाहिलेल्या जबलपुरात. पण ती शांतता एकमेकांना न विचारण्याच्या करारावर उभी होती.

कॅटेकिझमला जाणाऱ्यांत माझा एक मित्र होता. तास संपला की ते पातळ पुस्तक घेऊन तो परत माझ्या शेजारी येऊन बसे. त्यावर मेंढपाळाचं चित्र होतं. दहा वर्षांत मी ते एकदाही उघडून पाहिलं नाही. गणपतीत तो आमच्याकडे येई, आजी त्याला पाटावर बसवून मोदक वाढे, तो चार-पाच सहज संपवी. गणपतीला सोंड का, हे त्यानेही कधी विचारलं नाही.